मागच्या पानावरचा गाऊन

इद्रिस मास्तरांनी माझा एकही ब्लाऊज आजवर सांगितलेल्या दिवशी दिलेला नाही. मंगळवारी या म्हणतात. मंगळवारी गेलं की मशीनवरची मान न उचलता म्हणतात, "मॅडम, आधी एक शब्द सांगा." त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय ब्लाऊज मिळत नाही, आणि अर्थ त्यांना पटला नाही तर हूक लावायचे राहिलेत म्हणून शुक्रवारी पुन्हा बोलावणं. मी लोणखेड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. पोरं मला टरकून असतात, प्राचार्यसुद्धा माझ्याशी जरा बेतानेच बोलतात. आणि हा सातवी पास माणूस दर महिन्याला माझी तोंडी परीक्षा घेतो.

दुकान शहाद्यात, स्टँडवरून बाजाराकडे जाताना लागतं. दोन मशिनी, एक कातरणीचं टेबल, आणि दारावर पाटी: 'एलिगंट टेलर्स'. निम्मं गाव त्याला एलिफंट टेलर्स म्हणतं. कुणी नवीन टवाळ येतो आणि अहिराणीत विचारतो, "मास्तर, हत्ती कोठे शे?" मास्तर अंगाने इतके किडकिडीत, की गळ्यातली टेपपट्टीच काय ती जाड दिसते. ते स्वतःकडे बोट दाखवतात, "हत्ती गया, शेपूट ऱ्हायनं!"

या इंग्रजीच्या नादाला कारण झाला एक साहेब. मास्तर तिशीत असताना तो बदलून इथे आला होता. सूटचं कापड टेबलावर टाकून म्हणाला, फॉर्मल ऑकेजनसाठी समथिंग एलिगंट पाहिजे. मास्तरांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण त्यांनी मान डोलावली, अंदाजाने सूट शिवला, आणि साहेब घालून बघून एक्सलंट म्हणाला. दुसरा कुणी असता तर खूश होऊन झोपला असता. मास्तरांना मात्र लाज वाटली. कापड आपलं, कात्री आपली, शिलाई आपली, आणि त्याचं नाव आपल्याला सांगता येऊ नये? त्या दिवसापासून मापाच्या वहीच्या मागच्या पानावर शब्द उतरायला लागले. पुढून उघडली की गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही. उलटी करून उघडली की इंग्रजी.

ती उलटी वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा हात पर्समधल्या लाल पेनकडे गेला. तशी खोडच आहे माझी. लग्नाच्या पत्रिकासुद्धा मी तपासून परत देते. वहीत लिहिलं होतं, 'फॉर्मल: फॉर्म भरायला जाताना घालायचे कपडे.' 'कॅज्युअल: रजेच्या दिवशी घालायचे', कारण एका कारकुनाने त्यांना कॅज्युअल लीव्ह समजावून सांगितली होती. 'रिसेप्शन: ज्यात नवरदेव कोटात घाम गाळतो.' 'सोबर: न प्यालेला रंग.' मी हसून हसून बेजार झाले आणि एकेक खोडत गेले. मग आला 'एलिगंट'. पुढे लिहिलं होतं, 'जे पाहून माणूस आपोआप आवाज कमी करतो.' तिथे माझं पेन थांबलं. एवढ्या डिक्शनऱ्या चाळल्या, असा अर्थ कुठे सापडला नव्हता. "हे राहू द्या," एवढंच म्हणाले. मास्तरांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढचं पान उलटलं, पण त्या दिवशी चहा मात्र दोनदा आला.

त्यांच्यात एकच खोट होती. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत. शब्द वहीत असला तर वही उघडून दाखवत, नसला तर उभ्या उभ्या अर्थ तयार करत, आणि तो इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्याला डिक्शनरीचाच संशय यावा. मागच्या खोलीतून त्यांच्या पत्नी सलीमाभाभी म्हणायच्या, "मॅडम, इनको सब मालूम है. बस 'मालूम नहीं' मालूम नहीं." मास्तर तेवढ्यापुरते मशीन जोरात चालवत.

त्यांची सगळ्यात हक्काची गिऱ्हाईक तुळशीबाई. राणीपूरच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी बाई. वीस वर्षं झाली, बाजाराच्या दिवशी येणार, दुकानाच्या पायरीवर टोपली टेकवणार, मास्तर पाणी देणार. तिची मुलगी निशा आश्रमशाळेत गेली तेव्हा पहिला गणवेश मास्तरांनी शिवला. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. दरवर्षी तुळशीबाई तो फ्रॉक घेऊन यायची, मास्तर एक बोट उसवून खाली सोडायचे, आणि फ्रॉक पोरीबरोबर वाढायचा. तीच निशा पुढे माझ्या वर्गात आली. इंग्रजी घेऊन बीए झाली. पाड्यावरून पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली.

यंदा आमच्या कॉलेजने ठरवलं, पदवीदान दणक्यात करायचं. आजवर पदवीचा कागद खिडकीतून मिळायचा. आता स्टेज, पाहुणे, आणि प्रत्येकाच्या अंगावर तो काळा घोळदार गाऊन. निमंत्रणाचं पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. प्राचार्य म्हणाले, इंग्रजीत असू द्या, वजन पडतं. मलाही तेवढंच हवं होतं. मी झकास पत्र लिहिलं. ऑकेजन, ग्रेसफुल, अटायर, एकही दागिना कपाटात ठेवला नाही. सगळ्यांच्या घरी ते पोस्टाने गेलं. ज्या घरांत ते पोचणार होतं, तिथे ते वाचणार कोण, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

निशा तेव्हा शहाद्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पत्र पाड्यावर गेलं. तुळशीबाईने ते बाजाराच्या दिवशी पिशवीत घातलं आणि पायरीवर येऊन मास्तरांपुढे धरलं. इंग्रजी म्हणजे मास्तर, हे तिचं ठरलेलंच होतं. मास्तरांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत वाचलं, आणि 'गाऊन' या शब्दावर अडखळले.

आपल्याकडे गाऊन म्हणजे काय, ते घराघरांतल्या बायकांना माहीत आहे. फुलाफुलांचा सुती, ढगळ, एका बाजूला खिसा. मास्तर महिन्याला तसे दहा-बारा शिवतात. त्यावर ओढणी टाकून बायका दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जातात. वहीत होतं, 'गाऊन: बायकांनी घरात घालायचा. दारापर्यंत चालतो, दाराबाहेर नको.' मास्तर स्वतःही चपापले. पण मोठ्या लोकांत इव्हनिंग गाऊन म्हणून काहीतरी असतं हे त्यांनी ऐकलं होतं. फॅशनचा काय भरवसा! ते म्हणाले, "लिखेल तं असंच शे, बहीण. पोरले गाऊन घालीसन स्टेजवर जावानं शे."

तुळशीबाईने पत्राची घडी घातली आणि पाणी न पिताच उठली.

हे मला कळलं ते समारंभ चार दिवसांवर आला तेव्हा. निशा स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी येत नाही. माझी डिग्री पोस्टाने पाठवा."

मी फाडकन म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळं सांगितलं. ती घरी जाऊन आली होती. आईला समजावलं होतं, की हा गाऊन तो नव्हे. आई म्हणाली, "मास्तरांनी वाचलंय. वीस वर्षांत मास्तर माझ्याशी एकदा खोटं बोलले नाहीत. तुला जायचं आहे म्हणून तू काहीही सांगशील." आणि बाप, वाहरू, तो तर वेगळंच बोलला होता. निशा म्हणाली, "बाबा म्हणतात, पाड्यातली सगळी माणसं तुझ्याकडं बघतात. तू तसल्या कपड्यात हजार माणसांत उभी राहिलीस, तर उद्या एक माणूस पोरीला शाळेत घालणार नाही."

"मग तू एकटी ये."

"ते नसतील तर मला ती डिग्री नको, मॅडम."

मी तडक दुकान गाठलं. रागाने माझा आवाज बाजारापर्यंत गेला असेल. "मास्तर, काय वाचलंत तुम्ही त्या बाईला? पोरीचं आयुष्यभराचं मातेरं करून ठेवलंत!" मास्तरांनी शांतपणे वही उलटी केली, पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हाई देखा. लिखेल शे. आनि हाई खूण कोनी शे?"

गाऊनच्या पुढे लाल पेनने बरोबरची खूण होती. माझीच. ती खूण केली त्या दिवशी माझेच दोन गाऊन त्यांच्याकडे शिवायला होते. अर्थ अगदी बिनचूक वाटला होता.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी पायरीवर बसले. मोबाइलवर पदवीदानाचा एक फोटो काढून त्यांना दाखवला. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "हाऊ? हाऊ तं डिग्रीना कोट शे!"

"यालाच गाऊन म्हणतात, मास्तर."

"दोन्हीस्ले एकच नाव? इंग्रजीमा शब्दस्ना दुकाळ शे का?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी मशीनवरचं अर्धवट काम बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुमी जाईसन सांगशात तं ती ऐकाव नही. मन्हा तोंडमाईन गयं, ते मीच जाईसन परत लई येसू." कॉलेजच्या पेटीतला एक गाऊन त्यांनी मागवून घेतला. शिवण पाहून नाक मुरडलं. "हाई शिलाई शे का गोणपाट?" निशाचं माप वहीत होतंच. उद्या बाराला या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता नवा गाऊन इस्त्री करून तयार होता. बावीस वर्षांत मास्तरांनी सांगितलेल्या वेळेला दिलेलं ते एकमेव काम.

काळीपिवळी जीपमध्ये आम्ही राणीपूरपर्यंत गेलो, पुढे पायी. निशा पुढे, मी मध्ये, मागे पिशवी छातीशी धरलेले मास्तर. ते वाटभर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं दुआ म्हणताहेत. जरा जवळ गेले तर ऐकू आलं, "शब्दच चुकीना शे, बहीण... नही, पत्र चुकीनं शे, बहीण..." बिचारे दोष कुणावर तरी ढकलून बघत होते.

वाहरू अंगणात खाट विणत होता. त्याने मान हलवली, पण उठला नाही. तुळशीबाईने रीत म्हणून पाणी आणलं आणि दाराला टेकून उभी राहिली. मास्तर खाटेवर बसले नाहीत. पिशवीतून गाऊन काढला, झटकला, आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःच्याच अंगात चढवला. निशाच्या मापाचा गाऊन त्या किडकिडीत अंगाला बेताचा आला. वर पांढरी टोपी, पांढरी दाढी, मधे काळा घोळ. शेजारचा म्हातारा रेवजी काठी टेकत आला आणि म्हणाला, "वकील उना का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत. तुळशीबाईकडे बघत ते म्हणाले, "बहीण, हाऊ तो गाऊन. घरमाना नही. आंगवरना कपडास्वर घालतस, वकीलना कोटनामायक. आते तू म्हनशी, मंग त्या दिन तसं का सांगं?" ते थांबले. माझ्याकडे एकदा पाहिलं. "मी चुकनू. पत्रनी चूक नही, मन्ही चूक शे."

चुकलो म्हणाले, माहीत नव्हतं म्हणाले नाहीत. तेवढी ऐट त्यांनी डोंगरावरही राखली. पण माझ्या छातीतलं ओझं उतरलं, कारण पत्र तर माझं होतं. मग मीही पुढे होऊन ते सांगून टाकलं. दोन शिकलेली माणसं एकापाठोपाठ चूक कबूल करताहेत, हे बघून वाहरूच गोंधळला.

तुळशीबाईने दार सोडलं. मास्तरांजवळ आली आणि गाऊनची खालची किनार हातात घेऊन उलटी केली. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं. तिने पावरीत निशाला काहीतरी विचारलं. निशा म्हणाली, "आई विचारते, हे आता कशाला ठेवलं? मी आता काय वाढणार आहे?"

मास्तर म्हणाले, "शिकनारी पोर शे. वाढी."

तुळशीबाईने डोळ्यांना पदर लावला. मीही लावला, खोटं कशाला सांगू? वाहरू तेवढ्यात उठून खाटेची दोरी गुंडाळायला लागला होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "येसूत आमी. पन मास्तर, तू आमनाजोडे बसजो. तठे समदं इंग्रजी ऱ्हाई. आमले कोन सांगी?"

अशा रीतीने मास्तरांना आयुष्यातलं पहिलं आमंत्रण मिळालं. इतक्या लोकांचे सूट शिवले, रिसेप्शन, फेलिसिटेशन, इनॉगरेशन सगळं वहीत टिपलं, पण त्यातल्या कुठल्याही मांडवात ते खुर्चीवर बसले नव्हते. कपडे पोचवायचे आणि मागच्या दाराने परत यायचं, एवढाच त्यांचा फॉर्मल ऑकेजनशी संबंध.

समारंभाला ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायजमा-कुडत्यात आले. मी चिडवलं, "काय मास्तर, आज फॉर्मल नाही?" म्हणाले, "आज कोठे फॉर्म भराना शे?" बगलेत वही होतीच. चौथ्या रांगेत मास्तर, वाहरू, तुळशीबाई आणि कडेला मी, असे बसलो. वाहरूने नवा सदरा घातला होता, तुळशीबाईच्या गळ्यात सणाचे चांदीचे दागिने. बाकी आईबापांच्या बोलण्याने मांडव नुसता गजबजला होता. प्रत्येक इंग्रजी वाक्यागणिक वाहरू मास्तरांकडे वाकायचा आणि मास्तर गंभीरपणे काहीतरी सांगायचे. एकदा 'चीफ गेस्ट'चं 'मोठा पाहुना' सांगितलेलं मी ऐकलं. ते बरोबर होतं.

मग नाव पुकारलं गेलं. "निशा वाहरू पावरा. बॅचलर ऑफ आर्ट्स!"

निशा पायऱ्या चढली. तो काळा गाऊन तिच्या अंगावर असा बसला होता, की बाकीच्या पोरींचे गाऊन उसने वाटावेत. त्यावर आईचाच एक चांदीचा हार होता. तुळशीबाईने वाहरूचा हात घट्ट धरला. सगळ्या मांडवात आपलं नाव घुमलेलं वाहरूला कळलं होतं, पण पुढचं कळलं नव्हतं. तो मास्तरांच्या कानाशी लागला, "मास्तर, बॅचलर काय ऱ्हास? काय बोलना तो मन्ही पोरले?"

बॅचलर हा शब्द वहीत होता. मी पाहिला होता, तपासला होता, वर खूणही केली होती. 'बॅचलर: लग्न न झालेला माणूस. कपडे टाइट फिटिंग मागतो.' आता हा माणूस वाहरूला सांगणार, की तुझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही असं स्टेजवरून हजार माणसांत पुकारलं! मी हात पुढे केला, पण मधे तुळशीबाई होती.

मास्तरांनी वहीवर हात ठेवला. उलटी केली. उघडायला अंगठा घातला. स्टेजवर निशा पदवी घेऊन वळली होती आणि आपली माणसं कुठे बसली आहेत ते शोधत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, अंगठा काढला, आणि वही मिटली.

"माले माहीत नही, वाहरूभाऊ," ते म्हणाले. "मॅडमले इचार."

चाळीस वर्षांची ऐट त्या माणसाने एका पोरीसाठी मांडीवर काढून ठेवली होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. वाहरू आणि तुळशीबाई दोघंही माझ्याकडे वळले होते, आणि मास्तर खिशातली पेन्सिल काढून, वहीचं कोरं पान उघडून माझ्या तोंडाकडे बघत होते. बावीस वर्षं मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत आले आहे. मी स्टेजवरच्या निशाकडे एकदा बघितलं आणि त्यांना अर्थ सांगितला. तो इतक्या हळू सांगितला, की मास्तरांना कानाशी हात नेऊन म्हणावं लागलं, "मॅडम, जराखं मोठानी. लिखी लेस."